आपल्या खान्देशातलं कोण?

(हा भाग ऐकायचा राहिला असेल किंवा गाडीत नेटवर्क नसेल, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शंभर वेळा आलं, ते बरंचसं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच.)



आजचा भाग मी पिंपळनेरहून रेकॉर्ड करतोय. मागे एसटीचा हॉर्न, कुत्रं, आमच्या माळ्यावरच्या पत्र्याचा आवाज असं सगळं येईल, सांभाळून घ्या. पुण्याच्या फ्लॅटमध्ये गादी उभी करून तिच्या आड बसून रेकॉर्ड करतो, ती सोय इथे नाही.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. एक साताऱ्याचा, एक बारामतीकडचा, एक लातूरचा. गप्पा अशा चालल्या होत्या की आमच्याकडून हे मुख्यमंत्री झाले, आमच्याकडचे ते केंद्रात गेले. मग माझ्याकडे वळून एकाने विचारलं, "आणि तुमच्या खान्देशातून कोण रे?" मी म्हणालो, "प्रतिभाताई पाटील. राष्ट्रपती." सगळे म्हणाले, हो हो, बरोबर. मग, "अजून?"

आणि मी गप्प. बीटेक झालेला, रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा मी, आपल्या भागातलं दुसरं एक नाव झटकन सांगू शकलो नाही. बाजूचा म्हणाला, "केळी आणि भरीत!" आणि सगळे हसले. मीही हसलो. पण तो 'अजून?' डोक्यात राहिला.

दिवाळीला घरी आलो तेव्हा आबांना विचारलं. माझे आजोबा. आबा म्हणाले, "कोणतं नाव पाहिजे तुला? चौकात पुतळा आहे ते, की काम केलं ते?" आणि मग त्यांनी जी नावं सुरू केली, त्यातली निम्मी मी ऐकलेलीच नव्हती. त्यांच्या सांगण्यात तारखा नव्हत्या, त्या मी नंतर शोधल्या. हा भाग त्यातून झालाय. यादी नाही वाचणार, काळजी करू नका. ज्यांच्याजवळ मी थांबलो, त्यांच्याचविषयी बोलतो.

पण आधी खान्देश म्हणजे काय ते एका मिनिटात, कारण ऐकणाऱ्यांत पुण्या-मुंबईचेही आहेत. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे धरा. ब्रिटिश काळात हा एकच मोठा खान्देश जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. पूर्व खान्देशाचा पुढे जळगाव झाला, पश्चिम खान्देशाचा धुळे, आणि धुळ्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा निघाला. आमचं पिंपळनेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर, सह्याद्रीच्या पायथ्याशी. पलीकडे डोंगर उतरला की गुजरात. आणि हो, एकेकाळी पिंपळनेर स्वतः तालुका होतं. नंतर कचेरी साक्रीला गेली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे अजून लागतं. आबा तर असं सांगतात, जणू गेल्या महिन्यात सामान हलवलं.

तर सुरुवात धुळ्याच्या तुरुंगापासून. साल १९३२. कायदेभंगाची चळवळ. धुळे जेलमध्ये राजबंदी भरलेले. त्यात विनोबा भावे, जमनालाल बजाज आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी सोडून चळवळीत आलेले पांडुरंग सदाशिव साने. म्हणजे आपले साने गुरुजी. कैद्यांनी विनोबांना म्हटलं, गीतेवर बोला. विनोबांनी २१ फेब्रुवारी १९३२ ला, रविवारी, पहिलं प्रवचन दिलं. मग दर रविवारी एक अध्याय. अठरा रविवार. शेवटचं १९ जून १९३२ ला. मी कॅलेंडर उघडून मोजलं, एकही रविवार चुकलेला नाही. आमचा मागचा सीझन आठवा! बारा भाग जाहीर केले होते आणि नवव्या भागाला माझ्या रिलीजची डेडलाइन आली, म्हणून तीन आठवडे गायब होतो.

आता मजा ऐका. ही प्रवचनं आज पुस्तक म्हणून मिळतात, 'गीता प्रवचने'. देशातल्या कितीतरी भाषांत गेली. पण विनोबांनी ती लिहिलेली नाहीत. ते बोलत होते आणि साने गुरुजी समोर बसून हाताने लिहून घेत होते. रेकॉर्डर नाही, रिवाइंड नाही. मी हा जो मजकूर टाकतोय त्यासाठी मोबाइल आधी आपोआप मजकूर तयार करून देतो, मग मी दोन तास चुका सुधारतो, तरी 'पांझरा'चं 'पिंजरा' होतं. आणि तो माणूस तुरुंगात, बोलण्याच्या वेगाने, अठरा आठवडे लिहीत होता. तुम्ही धार्मिक असा नसा, गीता वाचलेली असो नसो, माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीतली एक फार गाजलेली ट्रान्सक्रिप्ट धुळ्यात तयार झाली आणि मी धुळ्याला चार वर्षं बस बदलूनसुद्धा मला हे माहीत नव्हतं.

कोणी म्हणेल, विनोबा कोकणातल्या गागोद्याचे, साने गुरुजी पालगडचे, हेही कोकणच. मग हे 'आपले' कसे? मला विचाराल तर जन्मदाखला बघून माणूस आपला ठरवायचा असेल तर मीही अवघड जागी सापडेन, माझा जन्म नाशिकच्या दवाखान्यातला. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते, तिथलं विद्यार्थी वसतिगृह त्यांनी सांभाळलं आणि मग पूर्व खान्देशातली गावंच्या गावं पायी फिरले. मास्तर म्हणून आलेला माणूस शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्यासाठी आणि गिरणी कामगारांसाठी बोलू लागला. मुलांना रडवणारं पुस्तक लिहिणारे हळवे गुरुजी एवढीच त्यांची ओळख आपण ठेवली, हा त्यांच्यावर थोडा अन्यायच आहे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसलेला माणूस नुसता हळवा कसा असेल?

आता फैजपूर. हे जरा सविस्तर सांगतो, कारण मला हाच भाग सगळ्यात आवडला.

१९३६ पर्यंत काँग्रेसची अधिवेशनं शहरांत व्हायची. गांधीजींचा आग्रह होता की एकदा खेड्यात करा. आणि निवडलं गेलं पूर्व खान्देशातलं फैजपूर. यावल-रावेरकडचा केळीचा पट्टा. डिसेंबर १९३६. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि त्या वर्षातली ही त्यांची दुसरी वेळ, कारण एप्रिलमध्ये लखनौलाही तेच होते. मांडव, कमानी, सजावट हे काम शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे. बांबू, तट्ट्या, गावात मिळेल तो माल वापरून त्यांनी अख्खं नगर उभं केलं. नाव ठेवलं टिळकनगर.

पण हे सगळं जमिनीवर कोणी घडवलं? इथे आबांच्या यादीतलं पहिलं नाव येतं, धनाजी नाना चौधरी. खिरोद्याचे. हे आधी पोलीस खात्यात होते, फौजदार. १९३० च्या चळवळीत नोकरी सोडली आणि ज्यांना पकडायचं त्यांच्यात जाऊन बसले. फैजपूरच्या तयारीत शंकरराव देव, साने गुरुजी आणि धनाजी नाना यांनी गावोगाव फिरून माणूस, धान्य, बैलगाडी जमवली. विचार करा, हजारो माणसं येणार, त्यांचं पाणी, संडास, जेवण, दिवाबत्ती, आणि सगळं खेड्यात. आमच्याकडे शंभर जणांच्या ऑफसाइटला तीन कमिट्या लागतात आणि तरी पनीर संपतं.

आणि त्याच वेळी अजून एक गोष्ट तिथे झाली. अखिल भारतीय किसान सभेचं दुसरं अधिवेशनही फैजपूरलाच भरलं, अध्यक्ष होते आंध्रचे एन. जी. रंगा. त्यासाठी पाचशेहून जास्त शेतकरी मनमाडहून पायी निघाले. दोनशे मैलांहून जास्त चालले असं नोंदलेलं आहे. मी नकाशावर मोजलं, सरळ रस्त्याने मनमाड ते फैजपूर एवढं भरत नाही. म्हणजे ते वळसे घेत, गावागावांत सभा करत गेले असणार. फैजपूरला पोचले तेव्हा त्यांच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, नरेंद्र देव, डांगे, मिनू मसानी, युसुफ मेहेरअली, आणि नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय. ही नावं एका फोटोत कल्पून बघा. पुढे यातले निम्मे एकमेकांच्या विरोधात गेले.

त्या अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. शेतसारा आणि खंड कमी करा, तोट्यातल्या लहान शेतकऱ्याला सूट द्या, वेठबिगारी आणि बेकायदेशीर वसुली बंद करा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्या. पुढच्याच वर्षी, १९३७ च्या सुरुवातीला, प्रांतिक निवडणुका होत्या, त्यामुळे यात राजकारणाचा हिशोब होता हे उघड आहे. पण शेतमजुराची मजुरी हा मुद्दा देशातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाच्या ठरावात केळीच्या गावात बसून लिहिला गेला. तो किती पाळला, हे पुढे येईलच.

धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले आणि १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते. फैजपूरचं कॉलेज धनाजी नानांच्या नावाचं आहे. माझा एक मित्र तिथे शिकला. त्याला फोन करून विचारलं, हे धनाजी नाना कोण? तो म्हणाला, "संस्थापक असतील रे." असो. मी काय तोंडाने बोलणार.

बेचाळीसबद्दल थोडक्यात. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, वय पंधरा. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. शिरीषकुमार सगळ्यांना माहीत असतो, बाकी चार नावं मुद्दाम घेतली. आणि १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, साडेपाच लाखांचा. साताऱ्याच्या प्रतिसरकारमधले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खान्देशातले साथीदार. ही गोष्ट अख्ख्या सिनेमाची आहे, तिच्यावर पूर्ण भाग करणार आहे, म्हणून इथे सोडतो.

स्वातंत्र्यानंतर मग राजकारण म्हणजे निवडणुका. प्रतिभाताईंचं सगळ्यांना माहीत आहे, पटकन. १९ डिसेंबर १९३४ चा जन्म, नाडगाव, बोदवडजवळ. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकल्या, टेबल टेनिस खेळायच्या, वकिली केली. १९६२ ला सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार. माझ्या वयाच्या! त्यानंतर १९६७ पासून एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, तिथून १९८५ पर्यंत सलग. १९७९-८० मध्ये विरोधी पक्षनेत्या. राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार, राजस्थानच्या राज्यपाल, आणि २००७ ते २०१२ राष्ट्रपती. २००९ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईत बसून उडाल्या, तेव्हा पंचाहत्तरीला आलेल्या होत्या. कॅन्टीनमध्ये हे सांगितलं असतं तर भरीत मागे पडलं असतं.

अजून एक पटकन, सिनेमावाल्यांसाठी. स्मिता पाटील. तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, स्वातंत्र्यसैनिक, राज्यात मंत्री, सहकारी साखर चळवळीतले मोठे नेते. २०१३ ला त्यांना पद्मभूषण मिळालं. म्हणजे पडद्यावर गावातल्या बाईचं दुःख दाखवणारी ती मुलगी शिरपूरच्या घरातली.

आता जरा अवघड भागाकडे येतो. आम्ही पिंपळनेरवाले धुळे जिल्ह्यातले, पण लोकसभेला मत देतो नंदुरबारला. साक्री विधानसभाही आदिवासींसाठी राखीव, नंदुरबार लोकसभाही. तर आमचा खासदार कोण होता? माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. माणिकराव गावीत. नवापूरकडचे. ग्रामपंचायतीतून सुरुवात, मग जिल्हा परिषद, आमदारकी, आणि १९८१ ची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत. त्यानंतर १९८४, ८९, ९१, ९६, ९८, ९९, २००४, २००९. सलग नऊ वेळा! इंदिरा गांधी, राजीव गांधी, नरसिंह राव, वाजपेयी, मनमोहन सिंग, सगळे पंतप्रधान आले आणि गेले, नंदुरबारचा खासदार तोच. २००९ ला नव्या लोकसभेच्या सुरुवातीला हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांनीच बाकीच्यांना शपथ दिली. २०१४ ला भाजपच्या डॉ. हिना गावीत यांनी त्यांना हरवलं. माणिकराव १७ सप्टेंबर २०२२ ला गेले.

साधा माणूस, सगळ्यांना भेटायचे, असं आबा सांगतात, आणि मला ते खरं वाटतं, नाहीतर माणूस नऊ वेळा निवडून येत नाही. पण दुसरी बाजूही बघा. २९ सप्टेंबर २०१० ला आधार कार्डाची सुरुवात देशात कुठून झाली? नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून. मनमोहन सिंग, सोनिया गांधी, नंदन निलेकणी सगळे तिथे. देशातला पहिला आधार क्रमांक टेंभलीतल्या एका आदिवासी बाईला मिळाला. मी रोज ज्या सिस्टिमच्या एपीआयशी कामात झगडतो, तिची पहिली एंट्री आमच्या मतदारसंघात झाली, याचा मला अभिमान वाटावा ना? वाटला. मग २०१२ चा महाराष्ट्राचा मानव विकास अहवाल उघडला. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत नंदुरबार शेवटचा. इंदिराजींपासून सगळे मोठे नेते सभा घ्यायला इथे यायचे. एवढी वर्षं, एवढे हेलिकॉप्टर, आणि शेवटचा नंबर. याचा दोष एका खासदारावर टाकणं सोपं आहे आणि ते मी करणार नाही. पण नऊ वेळा हा आकडा जेव्हा लोक कौतुकाने सांगतात, तेव्हा मला दुसरा आकडाही आठवतो.

(इथे रेकॉर्डिंग तुटलं आहे. लाइट गेली होती.)

तर आबा म्हणाले होते ना, पुतळ्यातलं नाव की कामातलं. आता कामातली.

शहाद्याचा भाग. तिथे १९३७-३८ च्या सुमाराला गुलाम महाराज नावाचे भिल्ल समाजातले संत होते. ते सांगायचे, दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि एकमेकांना 'आप' म्हणा. लोक त्याला आप धर्मच म्हणायला लागले. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्या माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी 'ए' म्हणून हाक मारली, त्याने शेजाऱ्याला 'आप' म्हणायचं! सरकारला आणि सावकारांना त्याची भीती वाटली, यात नवल नाही. त्याच भागात पुढे अंबरसिंग सुरतवंती झाले, लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणायचे. आदिवासींच्या जमिनी कर्जात, कागदात, अंगठ्यात गेलेल्या. ज्याची जमीन तोच तिच्यावर सालदार. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला भुकेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यातून हा प्रश्न महाराष्ट्रभर गेला. शहरातली शिकलेली पोरं शहाद्याला येऊन राहिली, कुमार शिराळकरांसारखे इंजिनिअर झालेले. हो, इंजिनिअर. १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली. तोच दुष्काळाचा काळ. आदिवासी बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. वाहरू सोनवणे हे कार्यकर्ते आणि कवी याच चळवळीतून पुढे आले. फैजपूरच्या ठरावातली शेतमजुराची मजुरी आठवते? १९३६ चा तो मुद्दा घेऊन १९७२ ला शहाद्यात अजून मोर्चे निघत होते, आणि समोर बरेच वेळा काँग्रेसचेच बागायतदार होते. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये फार तरुणपणी वारले.

आणि मग धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील. १७ सप्टेंबर १९२५ ते १२ एप्रिल २०१४. घरात सत्यशोधक वातावरण. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, ते सोडून कम्युनिस्ट पक्षात. पक्षात त्यांचं भांडण एकच, तुम्ही वर्गाचं बोलता पण जातीचं का नाही बोलत? १९७८ मध्ये माकप सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्स, फुले, आंबेडकर तिघांना एकत्र घेऊन विचार करायचा, हे त्यांचं म्हणणं. १९८२ ला 'दास-शूद्रांची गुलामगिरी' हे पुस्तक. जुन्या ग्रंथांत जातीचं मूळ शोधायचं तर संस्कृत पाहिजे, म्हणून हा माणूस चाळिशीत पाणिनीचं व्याकरण शिकायला बसला. मला नवीन फ्रेमवर्क शिकायचा कंटाळा येतो, हे इथेच कबूल करतो. त्यांची पुस्तकं सोपी नाहीत, मी दोनदा सुरू करून दोनदा सोडलंय. काही निष्कर्ष तज्ज्ञांना पटत नाहीत, हेही आहे.

पण आमच्या भागात शरद पाटील पुस्तकांमुळे माहीत नाहीत. साक्री, नवापूरच्या डोंगरातल्या वनजमिनीमुळे माहीत आहेत. प्रश्न असा आहे. कोकणी, भिल्ल, मावची लोक पिढ्यानपिढ्या डोंगरात नागली, भात पिकवतात. ब्रिटिशांनी रेघ मारून जंगल सरकारी केलं, तेव्हा त्यांची शेतं रेघेच्या आत गेली. मग तेच स्वतःच्या शेतात 'अतिक्रमणदार' झाले. १९८० ला वन संवर्धन कायदा आला आणि अजून आवळलं. शरद पाटलांच्या पक्षाने आणि त्याच्या संघटनांनी या लोकांना घेऊन धुळ्यापर्यंत मोर्चे नेले, लोक तुरुंगात गेले. देशभरातल्या अशा लढ्यांतून शेवटी २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असाल तर हक्क मिळेल, असं त्यात लिहिलंय.

आता याच साक्री तालुक्यातलं दुसरं नाव. पिंपळनेरच्या वर डोंगरात बारीपाडा. छोटासा कोकणी पाडा. चैत्राम पवार तिथले. एम.कॉम. करून नोकरी शोधायच्या वयात गावी परतले. नव्वदच्या दशकात बारीपाड्याचं जंगल तुटून संपलेलं, विहिरी आटलेल्या. गावाने बसून ठरवलं, झाड तोडायचं नाही, तोडलं तर दंड, जंगलात चराई बंद, दगडमातीचे बांध घालायचे. राखणीला गावातलेच लोक. आज तिथे सुमारे चारशे हेक्टर जंगल उभं आहे. दरवर्षी तिथे वनभाज्यांची पाककृती स्पर्धा होते, आया-बाया दीडशे तऱ्हेच्या नाही तरी मला न मोजता येणाऱ्या भाज्या मांडून बसतात, मी दोनदा जाऊन पोट फुटेस्तोवर खाल्लंय. २०२५ ला चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पिंपळनेरला फटाके वाजले.

गंमत बघा. एक माणूस लाल झेंडा घेऊन सांगतो, जंगलातली जमीन कसणाऱ्याची आहे. दुसरा, वनवासी कल्याण आश्रमाच्या कामातून आलेला, सांगतो, जंगलाला हात लावू नका. पक्ष, विचार, झेंडा, काहीच जुळत नाही. त्यांचे कार्यकर्ते एका टेबलावर बसतील का, मला शंका आहे. पण दोघांच्या म्हणण्यात एक वाक्य सारखं सापडतं, या जंगलाचं काय करायचं ते इथे राहणारा ठरवेल. मला हे आपल्या खान्देशाचं सगळ्यात मोठं राजकारण वाटतं. विधानसभेत न बसता केलेलं. माझं मत आहे हां, खाली भांडा हवं तर.

आता हे माझ्यासाठी पुस्तकी का नाही, ते सांगतो. आमच्या शेतात वर्षानुवर्षं कामाला येणारे एक काका आहेत, डोंगरातल्या पाड्यावरचे. नाव घेत नाही. मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून बाजाराला गेलोय. त्यांनी वनहक्काचा दावा भरलेला. पहिल्यांदा कागद हरवले, दुसऱ्यांदा पुरावा कमी पडला, असं सांगितलं गेलं. या दिवाळीत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, तू कॉम्प्युटरवाला शे ना? दे पाही, मना नंबर कुठे शे." मी फोन काढला. पोर्टल उघडेना. रात्री उघडलं तर नाव इंग्रजीत कसं लिहिलंय ते कळेना, कारण प्रत्येक कागदावर वेगळं स्पेलिंग. आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं, दाव्यावर तिसरं. टेंभलीला सुरू झालेली ती सिस्टिम आठवली मला तेव्हा.

तीन रात्री बसून मी त्यांची सगळी कागदपत्रं स्कॅन केली, एका तक्त्यात तारखा लावल्या. त्यात एक पिवळी पडलेली दंडाची पावती निघाली. काकांच्या वडिलांच्या नावाची, वनखात्याने अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाची. ती ते लाजेने लपवून ठेवत होते, गुन्ह्याचा कागद म्हणून. आबांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, "अरे, हाच तर पुरावा! दंड केला म्हणजे तेव्हा जमीन कसत होते ना?" वनहक्क कायद्याच्या नियमांत असे सरकारी कागद, अगदी दंडाच्या पावत्याही, पुरावा म्हणून चालतात. आबांना हे कसं माहीत? म्हणाले, "लाल झेंडेवाल्यांच्या सभेत सांगायचे. मी ऐकायला जायचो. मत नव्हतो देत." (हसतो)

दावा पुन्हा दाखल केलाय. ग्रामसभेत ठराव झाला, फाइल पुढे गेली आहे. काय होतं ते कळवेन.

तर ऑफिसमधल्या त्या मित्रासाठी ही माझी नावं. बरीच राहिली आहेत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी राहिल्या, त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला मिळाल्या, तीही ट्रान्सक्रिप्टच. १८५७ चे खाज्या नाईक राहिले. राजवाडे राहिले, धुळ्यात शेवटपर्यंत कागद गोळा करणारे. पुढचा भाग चिमठाण्याच्या खजिन्यावर आहे. तुमच्याकडे आजोबा-आजीने सांगितलेली त्याबद्दलची काही गोष्ट असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत, आणि पंखा बंद करून रेकॉर्ड करा. अहिराणीत बोललात तरी चालेल, लिहून घ्यायचं काम माझं.